कोण करायलाय?

गेल्या आठवड्यात जिंतूरला बसस्थानकासमोर चहा घेत होतो. ओळखीचे एक काका शेजारी येऊन बसले. येलदरीकडच्या गावचे, साठीतले, जुनी सातवी झालेले. खिशातून चार घड्यांचा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. वडील गेल्यावर वारस फेरफारासाठी एका कार्यालयात त्यांनी अर्ज दिला होता, त्याचं उत्तर चार महिन्यांनी आलं होतं. 'उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, सदर प्रकरणी नियमानुसार यथोचित कार्यवाही करण्यात येत आहे.'

मी वाचून दाखवलं. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. पण दादा, कोण करायलाय?"

शासकीय मराठीवर याहून नेमकं बोट मी कुणाला ठेवताना पाहिलेलं नाही. आपल्या परभणीकडच्या बोलीत माणूस दिसल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. तलाठी करायलाय, बाई असतील तर करायलीय, दोघं-तिघं असतील तर करायलेत. करणारा पुरुष की बाई, एक की अनेक, हे क्रियापदच सांगून टाकतं. 'करण्यात येत आहे' या वाक्यात ती जागाच ठेवलेली नाही. कार्यवाही आपोआप होते, पाऊस पडतो तशी. आणि झाली नाही तर जाब कुणाला विचारायचा?

ही रचना आपल्या मातीतली नाही. मराठीच्या अस्सल कर्मणी प्रयोगात कर्ता लपत नाही. 'तलाठ्याने नोंद केली' यात तलाठी पहिल्याच शब्दात समोर उभा असतो. 'तलाठ्याकडून नोंद केली गेली' या वळणाला शाळेचं व्याकरण 'नवीन कर्मणी' म्हणतं आणि ते इंग्रजीच्या प्रभावाने आलं हेही सांगतं. कचेरीने त्यापुढे जाऊन 'तलाठ्याकडून' हेही पुसून टाकलं. 'याद्वारे', 'ज्याअर्थी', 'त्याअर्थी' हे सगळं इंग्रजी मसुद्यांचं ओझं. साहेब गेला, त्याच्या वाक्याचा सांगाडा आपण सांभाळून ठेवला.

मराठवाड्याला हे जास्त बोचतं, कारण इथल्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा कागद वाचायला पिढ्यानपिढ्या दुसरा माणूस लागला. निजामाच्या राज्यात दफ्तराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. आजही जुना मुंतखब, म्हणजे निजामकाळातला जमिनीचा दाखला, निघाला की वाचणारा शोधत फिरावं लागतं. १७ सप्टेंबर १९४८ला ते राज्य संपलं. १९६०मध्ये भाषा संचालनालय उभं राहिलं, १९६४चा राजभाषा अधिनियम आला. कागद मराठी झाला. तरी काकांना टपरीवर वाचणारा शोधावाच लागला, आणि वाचून झाल्यावरही हाती काही लागलं नाही.

मराठीला कारभार झेपत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला पंचनाम्याकडे बघायला सांगावं. त्या शब्दातच पाच माणसं बसलेली आहेत. जुन्या वळणाचा पंचनामा 'आम्ही खाली सह्या करणारे पंच' असा सुरू होतो. कोण होते, कुठे उभे होते, काय पाहिलं, खाली सह्या-अंगठे. आवक-जावक, पोच, पोटखराब, आणेवारी हे शब्दही घ्या. एकाही शेतकऱ्याला यांचा अर्थ सांगावा लागत नाही. पण तोच पंचनामा वरच्या अहवालात चढला की 'पंचनामे करण्यात आले' होतो आणि पाचही पंच गायब होतात.

ज्या इंग्रजीची ही नक्कल, तिने स्वतःची खोड ओळखायला कधीच सुरुवात केली. ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्याने सांगितल्यावरून अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८मध्ये कारकुनांसाठी 'प्लेन वर्ड्‌स' लिहिलं. अमेरिकेने २०१०मध्ये सरकारी लेखन सोपं ठेवण्याचा कायदाच केला. विज्ञानाचं थोडं वेगळं आहे. 'तापमान मोजले गेले' म्हणण्यामागे तिथे एक विचार असतो : कुणीही मोजलं तरी आकडा तोच यावा. पण डीएनएची रचना मांडणारा वॉटसन आणि क्रिक यांचा २५ एप्रिल १९५३चा, जेमतेम पानभर मजकुराचा 'नेचर'मधला लेख 'आम्ही' म्हणूनच सुरू होतो. त्याने शास्त्राचं काही बिघडलं नाही.

शेतीचं शास्त्र इथे माझ्या जास्त जवळचं. परभणीला १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे. कृषिशास्त्राच्या मराठीने चक्रीभुंगा, उंटअळी, तुडतुडे, फुलकिडे असे शब्द वापरात ठेवले. मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्याला 'कामगंध सापळा' म्हणणाऱ्याला तर मी हात जोडतो. पण त्याच मराठीत 'प्रादुर्भावाने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी करण्यात यावी' असंही येतं. कापसावरच्या शेंदरी बोंडअळीबाबत याचा अर्थ एवढाच, की सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले किंवा शंभरातली दहा बोंडं किडलेली निघाली, तर फवारा मारा. आठ पतंग मोजता येतात. पातळी कशी मोजायची? २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं अनेक होती. पण विषाच्या बाबतीत तरी न कळणारं वाक्य लिहिणं मला गुन्हा वाटतो.

कायदा काकांच्या बाजूचा आहे. विलंब रोखण्यासाठीचा राज्याचा २००५चा अधिनियम म्हणतो, की नेहमीची फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवेला 'पदनिर्देशित अधिकारी' असतो. म्हणजे करणारा कोण, हे आधीच ठरवून ठेवलेलं. कायदा जो माणूस नेमून देतो, त्याला पत्राचं वाक्य पुसून टाकतं. हे भाषेचं अज्ञान असेल असं मला वाटत नाही. ही सोय आहे.

तिथेच बसून काकांचा नवा अर्ज लिहिला. सवयीने हातून 'माहिती देण्यात यावी' उतरलं, ते खोडलं. 'माझा फेरफार आज कोणाच्या टेबलावर आहे? त्यांचं नाव, हुद्दा आणि ते काम कधी पुरं करणार ती तारीख मला लिहून द्या.' काकांनी दोनदा वाचलं, सही केली आणि आवक खिडकी बंद व्हायच्या आत पोच घ्यायला उठले.