ग्रेडर आप्पा

बोदवडला नवी गाडी घेतली की ती दोन ठिकाणी न्यावी लागते. आधी शिरसाळ्याच्या मारुतीला आणि मग आप्पांना. मारुती एका नारळावर भागवतो. आप्पांना चहा लागतो, गाडीभोवती दोन फेऱ्या लागतात आणि 'काय रे भो, कितीले पडली?' या प्रश्नाचं खरं उत्तर लागतं. आकडा ऐकला की ते पेढा तोंडात टाकतात आणि गाडीकडे पाठ करून म्हणतात, 'बरी हाये.'

'बरी हाये' म्हणजे नापास. पास झालेली गाडी गावात अजून कुणी पाहिलेली नाही.

आप्पा आयुष्यभर जिनिंगमध्ये ग्रेडर होते. ज्यांनी कापसाचा ग्रेडर पाहिला नाही त्यांना हा अधिकार कळायचा नाही. फाटकात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. ग्रेडर येतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला मूठभर कापूस बाहेर काढतो, चिमूटभर धागा दोन अंगठ्यांत धरून ओढतो आणि सांगतो, तार इतकी, ओल इतकी, कवडी, म्हणजे खराब कापूस, इतकी. शेतकऱ्याचं वर्ष त्या चिमटीत ठरतं. त्यावर अपील नाही. आप्पा निवृत्त झाले, पण अंगठे निवृत्त झाले नाहीत. आता ते मलकापूर रोडवरच्या एका गॅरेजपुढच्या बाकावर बसतात आणि गाड्यांचा पत्रा चिमटीत धरून पाहतात. मडगार्ड दाबतात, टाकीवर टिचकी मारतात आणि टिचकीचा आवाज कान देऊन ऐकतात. प्लास्टिक लागलं की म्हणतात, 'कवडी लय हाये हिच्यात.'

तुलना कशाशी, हे विचारायची गरज पडत नाही. आप्पांकडे येझदी आहे. रोडकिंग, 1982 सालची.

येझदी म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं, आणि आप्पांना ते सांगायला फार आवडतं. चेकोस्लोव्हाकियाची जावा 1961 पासून म्हैसूरला आयडियल जावा कंपनीत बनू लागली. आधी जावा नावानं, मग येझदी नावानं. कंपनी इराणी कुटुंबाची. सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक. टू-स्ट्रोक 250 सीसीचं इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मापून मिसळायचं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे गिअर आणि किक दोन्हीला दांडा एकच. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. ज्याला माहीत नाही तो किक शोधत बसतो.

यावरून आप्पांची एक ठेवणीतली गोष्ट आहे. एका रात्री चोरानं खळ्यातून येझदी काढली. त्याला किक सापडेना. त्यानं गाडी ढकलत नाडगावच्या रस्त्यापर्यंत नेली आणि दमून तिथंच सोडून दिली. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा चोर नाडगावपर्यंत गेला होता. पुढच्या काही वर्षांत तो वरणगावपर्यंत पोचला. हल्ली तो भुसावळला गाडी स्टॅंडवर लावून, वर रुमालानं पुसून गेला, असं ऐकतो.

काकूंकडे याच गाडीची वेगळी आवृत्ती आहे. आप्पा बाकावर 'आमची येझदी' म्हणून सुरू झाले की काकू घरून चहाची किटली घेऊन आलेल्या असल्या तर तिथंच थांबतात. 'हे म्हनतात आम्ही तिच्यावर जामनेरले गेलो. मी तिच्यावर बसली कमी अन् मागून चालली जास्त. प्लग काया झाला का हे उतरणार, पॉलिश पेपर काढणार. तवरक मी रस्त्यानं पुढं. लुगड्याले धुराचा वास तीन धुण्यांत जात नव्हता.' आप्पा ऐकून घेतात. काकू गेल्यावर बाकाला सांगतात, 'पाह्य, तिले अजून सगयं याद हाये.'

तेवढंच नाही, येझदीचा प्रत्येक दोष आप्पांच्या हिशेबात गुण म्हणून जमा आहे. प्लग काळा व्हायचा, म्हणून माणसाला प्लग साफ करता यायचा. लिटरला तीस किलोमीटर मिळाले तर नशीब, म्हणून विनाकारण हिंडणं होत नव्हतं. धूर निघायचा, म्हणून मागचा माणूस अंतर ठेवून चालायचा. किक उलटून घोट्यावर बसायची, म्हणून घाईत कुणी घराबाहेर पडत नव्हतं. नव्या गाडीत यातला एकही फायदा नाही.

2018 च्या 15 नोव्हेंबरला मुंबईत जावा पुन्हा बाजारात आली. महिंद्रांच्या पाठबळावर उभी राहिलेली क्लासिक लेजेंड्स नावाची कंपनी, भागीदारीत म्हैसूरच्या जुन्या मालकांपैकी रुस्तुम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी, आणि कारखाना मध्य प्रदेशात पिथमपूरला. म्हणजे गाडी आता म्हैसूरऐवजी इंदूरकडून, आपल्या शेजारातून येणार. टाकीचा आकार तोच, मरून रंग तोच, क्रोम तोच, सायलेन्सर दोन. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं, त्याचं पुण्याला नोकरीचं नुकतंच जमलं होतं, पहिल्याच झपाट्यात बुकिंग केलं. गाडी पुढच्या दसऱ्याच्या सुमारास आली. शिरसाळा झालं. मग बाक.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोन फेऱ्या झाल्या. टाकीवर टिचकी झाली. मग ते उजव्या-डाव्या बाजूला वाकून काहीतरी शोधू लागले.

'आप्पा, किक नाही. बटण आहे.'

'बटन त आमच्या घरच्या मिक्सरलेही हाये.'

पोरानं बटण दाबलं. गाडी सुरू झाली. खरं सांगायचं तर आवाज चांगला होता, भरदार, गुबगुबीत. आप्पांनी डोळे मिटले आणि मान हलवत राहिले. गाडी बंद झाल्यावर म्हणाले, 'आता सुरू कर.'

'आत्ता सुरूच होती की.'

'व्हती का? मले वाटलं कोनाची मोटर चालू हाये वावरात.'

मग आकड्यांची लढाई झाली. पोरानं सांगितलं, तुमच्या रोडकिंगला 16 घोड्यांची ताकद, हिला 27. 293 सीसी, फोर-स्ट्रोक, धूर नाही, पुढच्या चाकाला एबीएस. आप्पा एकेक मुद्दा ऐकत होते आणि एकेक बोट दुमडत होते. शेवटी पोराच्या तोंडून निघालं, 'इंजिन पाण्यानं थंड होतं, आप्पा. लिक्विड कूलिंग.'

आप्पांनी दुमडलेली सगळी बोटं एकदम उघडली. 'पान्यानं? बोदवडात? अरे भो, इथी मानसाले नयाची वाट पाहावी लागते अन् तू गाडीले पानी पाजशील?'

बाकावरच्या सगळ्यांनी टाळ्या दिल्या. ते पाणी म्हणजे कूलंट, ते रोज भरायचं नसतं, हे पोरगा सांगत राहिला. पण बोदवडात पाण्याच्या विनोदापुढे तंत्रज्ञान टिकत नाही.

आप्पांच्या बाकावर अशी बरीच पुनर्जन्माची प्रकरणं निकालात निघाली आहेत. 2020 च्या 2 ऑक्टोबरला नवी थार आली, नाशिकला बनणारी. एका केळीवाल्यानं घेतली. मोठी स्क्रीन, एसी, आरामाच्या सीटा. आप्पा म्हणाले, 'चार मानसं बसतात? आमच्या कमांडर जीपमधी चार त ड्रायव्हरच्या उजव्या हाताले बसत.' हे मात्र खोटं नाही. ड्रायव्हर मधोमध कुठेतरी असे आणि गिअर कुणाच्या तरी गुडघ्याखालून टाके. चेतकचं प्रकरण मास्तरांचं. विजेवरची चेतक बजाजनं 2019 ला दाखवली, मास्तरांनी पुढे कधीतरी घेतली. आप्पा उठले, जुन्या चेतकच्या सवयीनं स्कूटर डावीकडे तिरकी केली, तशीच धरून उभे राहिले. मास्तर म्हणाले, 'आप्पा, हिला तिरकं करावं लागत नाही.' मग मास्तर निघाले आणि आवाज न करता गेलेसुद्धा. आप्पांना ते पटलं नाही. नवरा घरी आला हे गल्लीच्या टोकालाच बायकोला कळलं पाहिजे. चहा कधी ठेवायचा तिनं? आणि टाटाची 1991 ची सिएरा 2025 ला परत आली, तेव्हा जुन्या सिएराच्या मागच्या मोठ्या काचेबद्दल आप्पा अर्धा तास बोलले. ती काच त्यांनी आयुष्यात एकदा, भुसावळ स्टेशनच्या बाहेर, टांग्यातून पाहिली होती.

आप्पांचा भाचा अमेरिकेत मिशिगनला असतो. त्यानं एकदा ऑगस्टमध्ये व्हिडिओ पाठवला. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर 1995 पासून ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. 1964 ची मस्टॅंग, 1970 ची चॅलेंजर, रस्ता थरथरवणारी इंजिनं. आणि रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले पांढऱ्या केसांचे गोरे आप्पा, ओळीनं, मैलोन्‌मैल. भाच्यानं खाली लिहिलं होतं, 'मामा, इथं तुमचा बाक फार लांब आहे.' डॉजनं चॅलेंजर 2008 ला जुन्याच चेहऱ्यानं परत आणली. जुनीच्या सगळ्यात दणकट हेमी इंजिनाला 425 घोडे म्हणायचे. 2015 ची हेलकॅट 707 घोड्यांची निघाली. खुर्चीवाल्यांचं म्हणणं, तरी ती गोष्ट नाही.

भाच्यानं आणखी एक भानगड सांगितली. 1972 च्या आधी अमेरिकेत ताकद मोजताना इंजिन नागवं करून टेबलावर मांडत. पंखा नाही, नेहमीचा सायलेन्सर नाही, एअर फिल्टर नाही. 1972 पासून सगळा संसार लादून मोजायला लागले, तेव्हा त्याच इंजिनांचे घोडे कागदावरून पळाले. आप्पांना हे ताबडतोब समजलं. 'म्हंजे सोयरीक पाहताना पोराचा पगार सांगतात तसं.' पण त्यातून जुन्या आकड्यांवर संशय घ्यावा असं त्यांना वाटलं नाही. पगार सांगितला होता ना, मग तेवढाच होता.

सगळ्यात रमले ते शेवटच्या बातमीत. 2024 ला डॉजची चार्जर विजेवर आली, आवाज नाही म्हणून लोक नाराज होतील, तर कंपनीनं गाडीत गर्जना काढणारं यंत्रच बसवलं. आप्पांनी भाच्याला उलट निरोप पाठवला, 'त्यातलं एक लहान मास्तरच्या चेतकसाठी पाठव.'

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की आप्पा रोज येझदीवर बाकावर येतात. नाही. आप्पा स्प्लेंडरवर येतात. येझदीचा कारखाना 1996 ला बंद पडला. खरं तर त्याच्या आधीच, शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक जपानी-भारतीय गाड्यांनी लिटरला सत्तर-ऐंशी किलोमीटर द्यायला सुरुवात केली तेव्हाच येझदीची हवा गेली होती. त्या गाड्यांना आप्पा आजही 'शिलाई मशीन' म्हणतात. स्वतःची शिलाई मशीन त्यांनी नव्वदच्या दशकात, मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी घेतली. ती उन्हात, पावसात, एका पायानं सुरू होते. तिचं ऑइल बदलायचं राहून जातं तरी ती कुरकुर करत नाही. तिच्याबद्दल आप्पा बाकावर आजवर एक वाक्य बोललेले नाहीत. तिची टाकी कुणी टिचकी मारून पाहिलेली नाही. आणि येझदी खळ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. एका वर्षी तिच्या सीटवर कोंबडी खुडूक बसली होती, तेव्हा पिल्लं निघेपर्यंत आप्पांनी ताडपत्री हलवू दिली नाही.

आप्पांच्या निकालपत्राची खरी किल्ली मला जिनिंगच्या जुन्या दिवाणजींकडे मिळाली. ऐंशी ओलांडलेले, दात गेलेले, स्मरणशक्ती शाबूत. मी विचारलं, येझदी नवी होती तेव्हा आप्पा कसे होते? दिवाणजी हसले ते बराच वेळ हसले.

'82 साली त्यानं रोडकिंग आनली. वर्षभर नुसता रडे. म्हने, बापाच्या जावाची सर नही हिले. पत्रा पातय, आवाज फाटका, म्हैसूरवाल्यांनी नाव बदललं अन् माल बी बदलला. मले म्हने, दिवानजी, फसलो.'

'आणि त्यांचे वडील?'

'त्याचा बाप जावावर बसे अन् दमनीच्या बैलांची याद काढे.'

मी हे आप्पांना सांगितलं नाही. सांगूनही काही झालं नसतं. त्यांच्या परीक्षेत पास व्हायला गाडीला एकच अट आहे, आणि ती गाडीच्या हातात नाही. स्प्लेंडर अजून रोज हजारांनी बनते आहे, तिला वाट पाहावी लागेल.

मागच्या वर्षी त्या जावावाल्या पोराचा मावसभाऊ नवी जावा घेऊन आला. जावा 350. जानेवारी 2024 ला कंपनीनं जुनं 293 चं इंजिन काढून 334 सीसीचं बसवलं, दाबून ओढणारं, पण कागदावर 22 घोड्यांचं. शिरसाळा झालं, पेढे आले, बाक भरला. आप्पांनी फेऱ्या मारल्या. या वेळी किक शोधली नाही. टिचकी मारली आणि मागं उभ्या असलेल्या आधीच्या पोराकडे, त्याच्या सहा वर्षं जुन्या, टाकीवर ओरखडे पडलेल्या गाडीकडे पाहिलं.

'बरी हाये,' ते मावसभावाला म्हणाले. 'पन 18 च्या लॉटमधी जो दम होता तो हिच्यात नही. 27 घोडे होते तिले. 27! आता पाच घोडे कुठी गेले, ते इचार कंपनीले. अन् तो आवाज.' त्यांनी डोळे मिटले. 'डोये झाकून आयकावा असा आवाज होता.'

पहिला पोरगा काही बोलणार होता, पण आप्पा त्याच्या गाडीजवळ गेले होते. मडगार्ड चिमटीत धरून त्यांनी हलकेच दाबलं, मान डोलावली आणि आवाज खाली आणून त्याला म्हणाले, 'इकायची झाली त कोनाले सांगू नको. पयले मले सांगजो.'