सरकारी काम, वीस दिवस थांब

पनवेलमध्ये विकासाच्या फलकांना जागा कमी पडते. विमानतळाचं श्रेय घेणारे चेहरे एका फलकावर मावत नाहीत म्हणून शेजारी दुसरा लागतो. पण याच तालुक्यातल्या ज्या एका संस्थेचं नाव गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयापासून परदेशी वृत्तपत्रांपर्यंत पोचलं, तिच्यासोबत फोटो काढून घ्यायला एकही पुढारी येत नाही. ती संस्था म्हणजे तळोजा मध्यवर्ती कारागृह. हा तिच्यावर अन्याय आहे. आपल्याकडे नागरिकाचं स्वातंत्र्य प्रत्यक्षात कसं चालतं हे शिकायचं, तर तळोज्याच्या चार-पाच वर्षांच्या बातम्या ओळीने वाचाव्यात. राज्यघटना नंतर सवडीने वाचली तरी चालेल. त्या बातम्यांतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. आपल्याकडे स्वातंत्र्य कुणी नाकारत नाही, सगळे फक्त मुदत मागतात. कुणाच्या बाबतीत किती मुदत लागायची, हे मात्र कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं.

६ नोव्हेंबर २०२०. फादर स्टॅन स्वामी यांचा विशेष न्यायालयात अर्ज. वय ८३, आजार कंपवाताचा, पेला हातात धरता येत नाही. मागणी: एक स्ट्रॉ आणि एक सिपर. भीमा-कोरेगाव प्रकरणात महिनाभरापूर्वी त्यांना रांचीहून आणलं होतं आणि आपली पिशवी अटकेच्या वेळी घेतली गेली, असं त्यांचं म्हणणं होतं. राष्ट्रीय तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवस मागितले, ते मिळाले. २६ नोव्हेंबरला, म्हणजे नेमका संविधान दिनाचा मुहूर्त साधून, उत्तर आलं की स्ट्रॉ आणि सिपर आम्ही घेतलेच नव्हते. उत्तर खरं असेल, आम्ही शंका घेत नाही. पण ‘आमच्याकडे नाही’ हे दोन शब्द जुळवायला वीस दिवस लागावेत आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटू नये, याचं कौतुक करायला हवं. पनवेलच्या कुठल्याही रसवंतीवर उसाच्या रसासोबत जी वस्तू न मागता मिळते, तिच्यासाठी आधी अर्ज, मग मुदत, मग उत्तर, मग पुन्हा नवा अर्ज आणि तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल. लोकांनी देशभरातून टपालाने स्ट्रॉ पाठवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे यंत्रणेला तहान ही काय चीज असते ते कळलं.

याच वीस दिवसांच्या पोटात तळोज्यात आणखी एक पाहुणे येऊन गेले. रिपब्लिक वाहिनीचे संपादक अर्णब गोस्वामी यांना २०१८च्या एका आत्महत्येच्या प्रकरणात रायगड पोलिसांनी ४ नोव्हेंबरला अटक केली. आधी अलिबागला ठेवून ८ तारखेला त्यांना तळोज्यात आणलं. ९ तारखेला उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन नाकारला, १० तारखेला प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ११ला सुनावणी झाली आणि जामीनही मिळाला. त्याच रात्री तळोज्याच्या फाटकाबाहेर गर्दी, घोषणा, गाडीतून वर आलेले संपादक आणि सगळ्या वाहिन्यांवर थेट प्रक्षेपण. स्ट्रॉच्या उत्तराला तेव्हा अजून पंधरा दिवस होते. तुरुंग एक, आठवडाही एकच. फक्त एका अर्जाला पंख होते आणि दुसऱ्याला टपाल खात्याचा शिक्का.

इथे कुणी म्हणेल की गोस्वामींना जामीन मिळाला म्हणून तुमच्या पोटात का दुखतं? अजिबात दुखत नाही. एका दिवसासाठी जरी स्वातंत्र्य हिरावलं तरी तो एक दिवस जास्तच, अशा अर्थाचं सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात निकालपत्रात लिहिलं. वाक्य इतकं चांगलं आहे की शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहावं. आमची अडचण पुढच्या बेरजेची आहे. एक दिवस जास्त असेल तर सातशे दिवस किती? ऑक्टोबर २०२०मध्ये हाथरसला निघालेले केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन वाटेतच पकडले गेले. त्यांच्यासाठी त्याच नोव्हेंबरात त्याच न्यायालयाचं दार ठोठावलं, तेव्हा त्यावेळचे सरन्यायाधीश म्हणाले की अनुच्छेद ३२खालच्या, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात येणाऱ्या, याचिकांना आम्ही परावृत्त करू पाहतो आहोत. कप्पन यांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळाला सप्टेंबर २०२२मध्ये आणि ते प्रत्यक्ष बाहेर आले फेब्रुवारी २०२३मध्ये. न्यायालयांवर खटल्यांचा डोंगर आहे हे मान्य. पण मग डोंगर कुणासाठी सरकतो आणि कुणासाठी जागचा हलत नाही, हा प्रश्न उरतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या वकील संघटनेच्या अध्यक्षांनीही गोस्वामींची याचिका इतक्या तातडीने कशी लागली, हे पत्र लिहून विचारलं होतं. म्हणजे ही शंका फक्त आमच्यासारख्या रिकामटेकड्यांची नाही.

आता जप्तीयोग्य वस्तूंच्या यादीकडे वळू. सरकारने ती राजपत्रात छापली तर नागरिकांची सोय होईल. २७ नोव्हेंबर २०२०ला भीमा-कोरेगाव प्रकरणातलेच आरोपी गौतम नवलखा यांचा चष्मा तळोज्यात चोरीला गेला. तुरुंगात चोरी व्हावी याचं नवल नाही, तिथे अनुभवी माणसं असतात. घरच्यांनी टपालाने नवा चष्मा पाठवला, तो तुरुंगाने परत धाडला. चष्म्याशिवाय त्यांना जवळपास काही दिसत नव्हतं. अखेर उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की माणुसकी महत्त्वाची आहे आणि तुरुंगाधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायला हव्यात. पुढे २०२२मध्ये त्याच नवलखांना घरून पाठवलेलं पी. जी. वुडहाउसचं पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारल्याचं न्यायालयापुढे आलं आणि हे हास्यास्पद आहे असं न्यायमूर्ती म्हणाले. आमचं मत मात्र तुरुंगाच्या बाजूने पडतं. वुडहाउसच्या कथांत मालक मूर्ख असतो आणि नोकर शहाणा. हे पुस्तक एखाद्या शिपायाच्या हाती लागलं असतं तर कारागृहाची सगळी उतरंड कोसळली असती. पु. ल. देशपांडे ज्याच्यावर लुब्ध होते तो लेखक निरुपद्रवी असेलच कसा? १९७७च्या निवडणुकीत पुलंनी व्यासपीठावरून आणीबाणीची जी खिल्ली उडवली ती सरकारं विसरत नाहीत.

या संदर्भात मंडालेची आठवण येणं अटळ आहे. टिळकांना १९०८मध्ये राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली, ती केसरीतल्या लेखांसाठी. इंग्रजाने कोठडीत पुस्तकं येऊ दिली, ती शेकड्यांनी जमली. शाई दिली नाही, पेन्सिल दिली; गीतारहस्य पेन्सिलीने लिहिलं गेलं. सुटकेनंतर हस्तलिखित काही काळ अडकवून ठेवलं आणि मग परत केलं. इंग्रजाचं गुणगान करायला आम्ही बसलेलो नाही. याच तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके त्याच्याच एडनच्या तुरुंगात १८८३मध्ये वारले, आणि त्यांच्या स्मारकाला हार घालणारे आपले सगळेच पुढारी आहेत. पण टिळकांची पुस्तकं तपासणाऱ्या साहेबाला निदान आपल्या साम्राज्याबद्दल थोडा आत्मविश्वास होता, एवढंच नोंदवतो.

मच्छरदाणीचं तर विचारूच नका. तळोज्यातल्या कैद्यांना ती मिळेना, कारण दोऱ्या आणि खिळे यांचा गैरवापर होईल. २०२२च्या नोव्हेंबरात एजाज लकडावाला हा गुंड तळोज्यातले मेलेले डास प्लास्टिकच्या बाटलीत भरून सत्र न्यायालयात घेऊन आला. अर्ज तरीही फेटाळला गेला आणि डास पळवणारं मलम अंगाला लावण्याची वाट तेवढी मोकळी राहिली. विचारवंत असो की गुंड, डासाला यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कळत नाही; तो सर्वांना समान वागणूक देतो, आणि समतेचं तेवढंच उदाहरण तिथे आहे.

माध्यमांचं काय? ती तर स्वातंत्र्याची राखणदार. २०१९च्या ऑगस्टमध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणातलेच आरोपी व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामीन सुनावणीत ‘वॉर अँड पीस’ घरी का ठेवलं, असं न्यायमूर्तींनी विचारल्याची बातमी फुटली. संध्याकाळपर्यंत सारा देश टॉलस्टॉयच्या नावाने हसून बेजार. दुसऱ्या दिवशी उघड झालं की ते पुस्तक जंगलमहालावरचं, वेगळ्याच संपादकाचं. वाहिन्या बदनाम झाल्या, न्यायमूर्ती दुखावले, पुरोगामी ओशाळले आणि मूळ प्रश्न पायदळी गेला. घरात पुस्तक असणं हा गुन्ह्याचा पुरावा होतो का, हा तो प्रश्न. टॉलस्टॉयचं असो की जंगलमहालाचं. त्याचं उत्तर २८ जुलै २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने दिलं: नुसतं साहित्य बाळगणं म्हणजे दहशतवादी कृत्य होत नाही. तोवर गोन्साल्विस आणि सहआरोपी अरुण फरेरा यांची तुरुंगातली पाच वर्षं संपत आली होती. या उत्तरावर चर्चासत्रं किती झाली, ते वाचकांनीच आठवून पाहावं. विनोद फुकटात मिळाला होता, कायदा वाचायला लागतो.

सगळ्यात दणदणीत आक्षेप पुढे आहे. आरोप गंभीर आहेत, देशाविरुद्धच्या कटाचे आहेत, तिथे स्ट्रॉ आणि चष्म्याचं काय कौतुक? आरोप गंभीर आहेत हे आम्हाला पूर्ण मान्य, आणि म्हणूनच घाई हवी. कट खरा असेल तर तो सिद्ध करायला सरकार उतावीळ असायला हवं होतं. पण पहिल्या अटका जून २०१८च्या. स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ला वांद्र्याच्या रुग्णालयात वारले तेव्हा आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. त्यांच्या जामिनाची सुनावणी सुरू होण्याच्या वेळीच न्यायालयाला त्यांच्या मृत्यूची बातमी कळवण्यात आली. मुदत मागण्याची सवय असलेल्यांना त्या दिवशी प्रथमच कुणी मुदत दिली नाही.

दुसरा आक्षेप, की हे सगळं एका पक्षाविरुद्धचं रडगाणं आहे. इथे मात्र आमच्याकडे सर्वपक्षीय साहित्य आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये राज्यात महाविकास आघाडीचं सरकार होतं आणि तुरुंग राज्याचे असतात. स्ट्रॉची चिंता त्यांनाही रात्री झोपू देत नव्हती असं दिसलं नाही. मे २०२२मध्ये शरद पवारांवरच्या एका कवितेची पोस्ट टाकली म्हणून अभिनेत्री केतकी चितळे यांना अटक झाली. पनवेल तालुक्यातल्याच कळंबोलीच्या पोलीस ठाण्याबाहेर राष्ट्रवादीच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्यावर शाई आणि अंडी फेकली. एका पोस्टवर वीसहून अधिक गुन्हे दाखल झाले, महिनाभराहून जास्त तुरुंग झाला. तेव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याची आठवण भाजपला झाली, आणि ज्यांना रोज होते त्यांना नेमकी तेव्हाच झाली नाही. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्याआधीच त्याच सरकारचे गृहमंत्री राहिलेले अनिल देशमुख आर्थर रोड तुरुंगात गेले होते, पलंग मिळाला पण घरचं जेवण लगेच मिळालं नाही. संजय राऊतांनी तर तुरुंगावर अख्खं पुस्तक लिहिलं. तुरुंगाबद्दल राज्यकर्त्यांचं अज्ञान दूर करायचा हाच एक खात्रीचा मार्ग दिसतो, पण तो फार महाग पडतो.

जुलै २०२५मध्ये कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं म्हणून आणलेलं जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या, सभागृहात ठाम विरोध डहाणूचे आमदार विनोद निकोले यांचा. तेव्हा वाचकहो, पुढची तयारी ठेवा. नवलखांना नंतर नवी मुंबईत नजरकैदेत ठेवलं, तेव्हा पोलीस बंदोबस्ताच्या खर्चापोटी यंत्रणेने १ कोटी ६४ लाख रुपये मागितले आणि मे २०२४मध्ये उच्च न्यायालयाने दिलेल्या जामिनावरची स्थगिती उठवताना सर्वोच्च न्यायालयाने २० लाख भरायला लावले. सिडकोचं सेवाशुल्क भरून वर महापालिकेचा मालमत्ता कर भरलेल्या पनवेलकरांनी या बिलाचं नवल मानू नये. पावती तेवढी जपून ठेवावी.