माउसला हात नको

तुमच्याही ओळखीत हा असणारच. कुणाचा लॅपटॉप अडला की न बोलावता हजर होतो, खुर्ची ओढतो आणि तुमचा हात माउसकडे सरकला की चापट मारतो. "माउसले हात नको लावू बे!" धरमपेठेतल्या आमच्या नमुन्याला आम्ही टर्मिनलभाऊ म्हणतो.

आमच्या इमारतीतल्या सीएकाकांना त्यानंच लिनक्स घालून दिलं. काकांना फाइल सेव्ह करायला उठसूट कंट्रोल-एस दाबायची सवय. टर्मिनलच्या, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या पडद्यावरही त्यांनी तेच केलं आणि पडदा गोठला. मे महिना, बाहेर पारा 45 च्या वर. भाऊ डोक्याला दुपट्टा बांधून आला. काकांनी बिचकत माउस धरला. काका वडीलधारे, म्हणून चापट माउसला बसली. मग भाऊनं कंट्रोल-क्यू दाबलं, पडदा वाहायला लागला. काम एका बटणाचं, व्याख्यान अर्ध्या तासाचं. पूर्वी टेलिटाइप यंत्रं कागदावर छापायची. मजकूर भसाभसा यायला लागला की आवरायचा कसा? कंट्रोल-एस म्हणजे 'थांब', कंट्रोल-क्यू म्हणजे 'चाल'. यंत्रं भंगारात गेली, हुकूम राहिले. "तुम्ही सेव्ह नाही केलं काका, तुम्ही गाडी थांबवली न!"

काकांच्या नातवानं एकदा फोटोची फाइल टर्मिनलमध्येच ओतली. त्यातले काही बाइट टर्मिनलनं हुकूम समजून पाळले आणि अक्षरांच्या जागी रेघोट्या उमटल्या. टाइप केलेलंही वाचता येईना. भाऊ म्हणाला, "दिसत नाही त कायले घाबरतं? 'रीसेट' लिही न एंटर दाब." पोरानं चाचपडत लिहिलं, पडदा सुधरला. आनंदाच्या भरात त्याचा हात माउसवर गेला. चापट!

बरं, घराबाहेर तरी गप्प बसावं? सावजीत जेवताना गल्ल्यावरचा मालक माउसनं कॉपी-पेस्ट करताना दिसला, तर हा ताटावरून उठला. मशीन विंडोजचं, उपदेश लिनक्सचा. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबलं तर कॉपी होत नाही, चालता प्रोग्राम मरतो, कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी. मालक शांतपणे म्हणाला, "भाऊ, रस्सा थंडा होऊन राहिला."

पैसे घेत नाही, हीच खरी अडचण. फुकट येणाऱ्याला हाकलणार कसं? दुकानदार ज्यांना "नवीनच घ्या" म्हणतात ते जुने लॅपटॉप हा उचलून आणतो, लिनक्स घालतो आणि कॉलनीतल्या पोरांना देऊन टाकतो.

त्याच्याकडे एक फाइल आहे. आईनं सांगितलेल्या पाककृती: पुडाची वडी, गोळाभात, पाटवडी रस्सा. आई आता नाही. टर्मिनलमध्ये उघडली तर मराठीचा पार चेंदामेंदा. टर्मिनल पडद्याचे सारख्या मापाचे चौकोन पाडतं आणि अक्षरं त्यात कोंबतं. 'मिरची'तली वेलांटी साठवली जाते म नंतर, काढायची असते म च्या आधी. बऱ्याच टर्मिनलांना हे झेपत नाही. इथे रीसेटचा उपयोग नाही. भाऊ काही बोलला नाही. त्यानं माउस ओढला आणि फाइलवर दोनदा क्लिक करून ती साध्या एडिटरमध्ये उघडली. मी चापट मारली नाही.

तर मंडळी, पडदा गोठला की आधी कंट्रोल-क्यू दाबून पाहा. नाहीच जमलं तर तुमच्या भाऊला बोलवा. उन्हातून येईल, आल्या आल्या पाणी द्या आणि हात पाठीमागे ठेवा.