तिसऱ्या हाताचा उजेड

गुरुवार हा दत्ताचा वार, असं उरलेला महाराष्ट्र मानतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तो दत्ताचा आहेच, शिवाय स्वामींचा, कंपनीच्या सुट्टीचा आणि शटडाउनचाही आहे. इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून वीजवाहिन्यांची देखभाल-दुरुस्तीही गुरुवारी. हिशेब बिनचूक आहे. कारखाना बंद असताना विजेवाचून कोणाचं अडणार? कारखान्यातला माणूस त्या दिवशी घरी असतो, एवढी एक बारीक गोष्ट या हिशेबात बसलेली नाही. सहा दिवस तो शॉपफ्लोअरवरच्या पंख्याखाली उभा राहतो आणि सातव्या दिवशी घरच्या पंख्याखाली आडवा होतो, जो फिरत नाही. त्यात रावेतच्या जलउपसा केंद्राची वीज गेली की नळही कोरडा. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी मिळतं. ज्याची पाळी गुरुवारी येते, त्याने शुक्रवारची वाट पाहायची नसते, थेट शनिवारची पाहायची.

गंमत अशी की, देशाला जनरेटर पुरवणारी मंडळी आमच्या शेजारीच राहतात. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून, कोथरूडला कमिन्स १९६२ पासून. कुठल्या कुठल्या गावांतल्या दवाखान्यांत आणि लग्नाच्या मांडवांत धडधडणारी इंजिनं इथल्याच हातांनी जुळवली. ते हात घरी आले की मोबाइलचा टॉर्च धरतात.

२००६ साली तर या पट्ट्याने इतिहासच घडवला होता. राज्यभर भारनियमन चालू होतं. तेव्हा सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेने एक तोडगा काढला. मोठ्या कारखान्यांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर पडून आहेत, ते त्यांनी मागणीच्या वेळी चालवावेत, तेवढी वाचलेली वीज शहराला मिळावी आणि डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांकडून युनिटमागे काही पैसे घेऊन भागवावा. वीज नियामक आयोगाने मान्यता दिली आणि शहर भारनियमनातून सुटलं. ‘पुणे मॉडेल’ म्हणून त्याचं देशभर कौतुक झालं. कल्पना खरोखर हुशारीची होती, यात वाद नाही. शहराच्या वेशीबाहेर मात्र भारनियमन चालूच राहिलं. तिथल्या शेतकऱ्याकडे मॉडेल नव्हतं, रात्री तीनला येणारी थ्री-फेज होती.

पुढे राज्यकर्त्यांनी वायदा केला की, डिसेंबर २०१२ पर्यंत महाराष्ट्र भारनियमनमुक्त होईल. शब्द फारसा फिरवलाही नाही. आता भारनियमन होत नाही, ‘तांत्रिक बिघाड’ होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका पहाटे दाट धुकं आणि दव पडलं, ४०० केव्हीच्या वाहिन्या ट्रिप झाल्या आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण एकदम बसलं. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाईस्ताखानाच्या तोफांपुढे दोन महिन्यांच्या आसपास लढवला होता. दवापुढे अख्खा पट्टा सूर्योदयापर्यंतही टिकला नाही. मार्च २०२२ मध्ये भोसरीच्या अतिउच्चदाब उपकेंद्रातलं रोहित्र गेलं आणि लघुउद्योजकांच्या यंत्रांसकट हजारो घरं बसली.

लघुउद्योजकाचं दुःख आणखी वेगळं. त्याला तासाचा अंधार परवडतो, क्षणाची उघडझाप परवडत नाही. डोळ्याची पापणी लवेपर्यंत वीज गेली आणि आली, तरी सीएनसीचं टूल जॉबमध्ये रुतून तुटतं, प्लॅस्टिक मोल्डिंगचं मशीन अर्ध्यावर थांबतं आणि पुढचा वेळ ते परत मार्गी लावण्यात जातो. मग शेडच्या कोपऱ्यात एक जुना पोर्टेबल जनरेटर येतो. त्यावर लेथ चालत नाही, कॉम्प्रेसर चालत नाही. चालतं ते हजेरीचं मशीन. माणसं वेळेवर आत आली याची नोंद पक्की होते आणि आत येऊन ती स्वस्थ बसतात.

आमच्या प्राधिकरण भागातल्या तीन मजली इमारतीलाही अखेर जनरेटरचे डोहाळे लागले. जुनी इमारत, त्यामुळे बिल्डरने दिलेला डीजी सेट नाही. नवा पोर्टेबल घ्यावा तर किंमत ऐकून खजिनदारांना घाम फुटला. तेव्हा ठरलं, वापरलेला घेऊ. वापरलेली गाडी घेताना माणूस सातजणांना विचारतो, सोयरीक जुळवताना सत्तर. जनरेटर घेताना मात्र तो फक्त एवढंच विचारतो, “चालू आहे ना?”

पूर्वी असली खरेदी कुदळवाडीत व्हायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथल्या हजारो पत्राशेडवर बुलडोझर फिरवला आणि भंगाराची बाजारपेठ पांगली. मोशीच्या पुढे एका आडरस्त्यावर तिचा एक तुकडा आम्हाला सापडला. शेडमध्ये ओळीने जनरेटर मांडलेले, सगळ्यांना ताजा लाल रंग. रंग इतका मनापासून दिलेला की नटबोल्टच्या खाचाही बुजलेल्या.

“साहेब, डॉक्टरचं मशीन आहे,” दुकानदार म्हणाला. “नुसतं स्टँडबायला होतं.”

या देशात विकायला आलेला प्रत्येक जनरेटर डॉक्टरचा असतो. जुन्या मोटारीही त्यांच्याच. डॉक्टर मंडळी वस्तू घेतात आणि वापरत नाहीत, अशी त्यांची ख्याती कोणी पसरवली कोण जाणे.

तळमजल्यावरचे काका सोबत होते, म्हणून थोडी अब्रू राहिली. एका कंपनीतून मेंटेनन्स फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी दुकानदाराकडे पाहिलंही नाही. सरळ सायलेन्सरजवळ हात नेला.

“आत्ताच चालवलंय वाटतं?”

“नाही काका, ऊन लागलंय.”

शेडमध्ये ऊन औषधालाही नव्हतं. कोमट इंजिन पोराच्या ओढीनेही उठतं. गार पडलेलं मशीन पहिल्या-दुसऱ्या ओढीत उठलं तरच त्याला जीव आहे म्हणायचं. काकांनी दोरी हळू ओढून कॉम्प्रेशन अजमावलं, प्लग खोलून पाहिला. काळा आणि तेलकट, म्हणजे रिंगा गेलेल्या. मग त्यांनी लोड मागितला. दुकानदाराने भिंतीवरच्या होल्डरमधला एक बल्ब लावून दाखवला आणि त्या लख्ख उजेडात आमच्या सचिवांचा चेहरा उजळला. काकांनी पिशवीतून पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड काढला आणि म्हणाले, “बादलीभर पाणी आणा.”

रॉड पाण्यात बुडाला. जनरेटरने आधी उचकी दिली, मग घशातून आवाज काढला. मीटरवरचा काटा दोनशे तीसवरून पावणेदोनशेच्या घरात आला, बल्ब पिवळा पडला आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला. दुकानदार अजिबात डगमगला नाही. म्हणाला, “एवढा लोड कोण टाकतं साहेब?” आमच्या कार्यकारिणीला हे पटलं, हे इथे नमूद केलं पाहिजे. काकांनी मागचं झाकण काढून वाइंडिंगच्या एका तारेवरचं वार्निश ब्लेडने खरवडलं. खाली तांब्याचा लाल रंग दिसायला हवा, चंदेरी दिसला. ॲल्युमिनियम. काकांनी ब्लेड पुसून खिशात ठेवलं.

शेवटी दुसऱ्या कोपऱ्यातलं एक मशीन काकांनी पास केलं. तांब्याची वाइंडिंग, धूर स्वच्छ, रॉडला व्होल्टेज फारसं हललं नाही. त्याची स्टार्टरची दोरी तेवढी कपडे वाळत घालायची होती. पाटीवर लिहिलं होतं २.८ केव्हीए. हा आकडा कमाल क्षमतेचा असतो, सतत मिळते त्याहून कमी, तेही मशीन नवं असताना, हे काकांनी वाटेत टेम्पोमध्ये सांगितलं. तोवर पैसे देऊन झाले होते.

मशीन आलं, नारळ फुटला. सचिवांचा विचार ते जिन्याखाली ठेवण्याचा होता. काकांनी तो एका वाक्यात उडवला, “आठ दिवसांत इमारत रिकामी होईल, भाडेकरू शोधा.” पेट्रोल इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही आणि बंद जागेत माणूस झोपेतच जातो. इथे काकांचा आवाज चढला, तो एकदाच. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर बनवून जनरेटर थेट घरच्या सॉकेटला जोडायची युक्ती काढली तेव्हा मात्र ते अगदी हळू बोलले. म्हणाले, “त्या वायरमधून वीज उलटी लाइनवर जाते. खांबावर वायरमन असतो, त्यालाही घरी जायचं असतं.” दुसऱ्या दिवशी चेंजओव्हर स्विच बसला. मशीन गेटजवळ, उताराच्या कडेला, उघड्यावर गेलं.

मुख्य हेतू होता पाण्याची मोटर चालवायचा. दीड हॉर्सपॉवरची मोटर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कैकपट करंट खाते. बटण दाबलं की मोटर हुंकारते, जनरेटर गुदमरतो आणि दोघेही एकमेकांच्या गळ्यात पडून शांत होतात. मग ठरलं की दिवे, पंखे आणि वायफाय एवढंच चालवायचं. हिंजवडीला नोकरी करून इथे राहणाऱ्या मुलांना वायफायच पाहिजे होतं. पाण्याचं काय, हे कोणी विचारलं नाही, कारण खालच्या टाकीतच पाणी नव्हतं.

त्या दिवसापासून आमची इमारत ग्राहक राहिली नाही. ती वीज कंपनी झाली.

पहिल्याच महिन्यात आमच्याकडे तांत्रिक बिघाड झाला. मशीन उठेना. प्लग बदलला, फिल्टर धुतला, दोरी ओढून ओढून दोघांचे खांदे गेले. मिस्त्री बोलावला, त्याने कार्ब्युरेटर खोलून फी घेतली. काका गावाहून आल्यावर त्यांनी मशीनच्या एका बाजूला वीट सरकवली आणि ते सुरू झालं. उतारावर ठेवल्यामुळे आतलं ऑइल एका बाजूला जात होतं, ऑइल कमी आहे असं समजून सेन्सर इंजिन उठू देत नव्हता. वीट आता कायम आहे, तिलाही लाल रंग दिलाय.

नंतर खरोखरच कार्ब्युरेटर तुंबला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनोन्महिने बाऊलमध्ये पेट्रोल पडून राहिलं की त्याचा चिकटा होतो आणि सुईच्या टोकाएवढा जेट बुजतो. उपाय साधा आहे. बंद करताना कॉक बंद करून आतलं पेट्रोल जळू द्यायचं आणि महिन्यातून एकदा अर्धा तास मशीन लोडवर चालवायचं. या ठरावाला सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, दोरी ओढणारा मिळाला नाही. बरेच दिवस पडून राहिल्यावर एकदा इंजिन सुरू झालं, पण वीजच येईना. “फील्ड उडाली,” काका म्हणाले. लोखंडात उरलेलं चुंबकत्व विरलं की असं होतं. एकाच्या मोटारसायकलची बॅटरी काढून ब्रशच्या तारांना क्षणभर टेकवली आणि दिवे लागले. बॅटरीवाल्याने भरपाई मागितली आहे, प्रस्ताव विचाराधीन आहे.

मग दरवाढ आली. छोटा पेट्रोल जनरेटर अर्धा लिटर जाळून जेमतेम एक युनिट देतो, लोड कमी असेल तर त्याहून महाग. लिटर शंभरच्या वर आहे. खजिनदारांनी आकडे मांडले तेव्हा सभेत हाहाकार उडाला. जे लोक वीज बिलावरच्या स्थिर आकाराला आणि वहन आकाराला रोज शिव्या घालत, त्यांनीच रात्री अकरापर्यंत बसून मशीनचा स्थिर आकार, वायरचा वहन आकार आणि दोरी ओढणाऱ्याचा श्रमभत्ता ठरवला. तिसऱ्या मजल्याचं म्हणणं, आम्हाला वायर लांब पडते, व्होल्टेज कमी मिळतं, सवलत द्या. तळमजला म्हणाला, आवाज आम्ही सोसतो, आम्हाला फुकट द्या. एक बिऱ्हाड वर्षभर थकबाकीत आहे, त्यांचं कनेक्शन तोडावं तर त्यांच्याच गॅलरीतून मेन वायर गेली आहे.

परवा मशीन एकाएकी घुसमटून बंद पडलं. चौकशी समितीने दारोदार फिरून तपास केला. एका घरात गरम इस्त्री आणि अर्धी परीटघडी झालेला शर्ट सापडला. “दोनच शर्ट होते हो,” वहिनी म्हणाल्या. वीजचोरी म्हणून दंडाचा ठराव झाला, तेव्हा त्या वहिनींनी प्रत्येक घराला वेगळा मीटर लावायची उपसूचना मांडली आणि ती एकमताने मंजूर झाली. रीडिंग सचिव स्वतः घेणार आहेत, दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. घराला कुलूप असेल तर सरासरी बिल येईल.