रजा, प्रार्थना आणि वल्हं

अमेरिकेतली अनेक चर्च काही वर्षांच्या सेवेनंतर पाद्रीबुवांना लांबलचक भरपगारी रजा देतात. तिला सबॅटिकल म्हणायचं. कल्पना मूळची बायबलच्या जुन्या करारातली: सहा वर्षं जमीन कसा, सातव्या वर्षी पडीक ठेवा. त्या वर्षी जमिनीनं काय करायचं? काहीच नाही. पण रजेच्या अर्जात ‘काहीच नाही’ लिहून कसं चालेल! म्हणून पाद्रीबुवा लिहितात: आध्यात्मिक वाचन, प्रार्थना आणि मेन राज्याच्या किनाऱ्यानं कयाकिंग. तिथली बेटाबेटांची जलवाट चांगली ३७५ मैलांची आहे. विश्रांतीला अंतर तरी भरपूर.

उत्तर ध्रुवप्रदेशातल्या इन्युइटांनी सीलची कातडी ताणून कयाक ही होडी घडवली ती शिकारीसाठी. त्यांना सील शोधायचा होता, स्वतःला नव्हे.

पाद्रीबुवांची अडचण एवढीच, की वल्हं दोन्ही हातांनी धरावं लागतं. जोडायला हात उरत नाहीत. ग्रंथ जलरोधक पिशवीत सुखरूप, आणि संध्याकाळी तंबूत खांदे असे भरून येतात की पहिल्याच पानावर समाधी लागते. प्रार्थना मात्र होते. दाट धुक्यात लॉबस्टरवाल्यांच्या बोटीचं इंजिन जवळ जवळ येऊ लागलं की चर्चमध्ये कधी झाली नसेल इतकी मनापासून होते.

बायबलमधला योनाही देवानं नेमून दिलेलं काम टाळून समुद्रमार्गेच निघाला होता. त्याची प्रार्थना माशाच्या पोटात गेल्यावर सुरू झाली. फक्त त्याची रजा मंजूर नव्हती.