एप्रिल-मे वगळून

मार्चचा तिसरा आठवडा लागला की स्वयंसेवी संस्थांच्या जीपा अंगणात उभ्या राहतात आणि लॅपटॉप पळायला लागतात. फंडरचा, म्हणजे पैसे देणाऱ्या कंपनीचा, मेल येऊन पडलेला असतो : वार्षिक अहवाल पाठवा, यूसी (निधी वापरल्याचं प्रमाणपत्र) पाठवा, आणि फोटो जरा 'हाय रेझोल्युशन' असू द्या.

फोटोंना तोटा नसतोच. वृक्षारोपणाचा फोटो जुलैतला. मस्त चिखल, कंपनीचे टी-शर्ट घातलेले साहेब, दहा जणांचे हात लागलेलं एक बिचारं रोप आणि मागे त्या रोपाला सावली देणारा फलक. खाली ओळ : '५,००० रोपांची लागवड, उद्दिष्ट १०० टक्के साध्य.' यात खोटं काहीच नाही. लावली होतीच. त्यातली जगली किती, ते मराठवाड्यात मे महिना ठरवतो आणि अहवाल तर ३१ मार्चलाच मिटलेला असतो. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप, नवे टी-शर्ट, पुन्हा १०० टक्के. खड्डा तेवढा अनुभवी होत जातो.

बंधाऱ्याचंही तेच. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेला बंधारा कुणीही काढला तरी फोटो देखणाच येतो. खालच्या विहिरीत मे महिन्यात किती परस पाणी उरलं, गावाचा टँकर बंद झाला का, हे विचारायला तेव्हा कुणी नसतं. सगळे पुढच्या वर्षाच्या प्रस्तावात गुंतलेले.

त्यातही कहर म्हणजे एंडलाइन, अर्थात प्रकल्पाच्या शेवटी करायचं सर्वेक्षण. मार्चच्या अहवालासाठी ते फेब्रुवारीत उरकायचं. बीडकडच्या कित्येक वस्त्यांवर तेव्हा दारांना कुलपं असतात, माणसं ऊसतोडीला गेलेली. ती परततात मार्च-एप्रिलात. म्हणजे ज्यांच्यासाठी प्रकल्प काढला ते फडात, आणि 'तुमच्या जीवनमानात सुधारणा झाली का?' हा प्रश्न मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना. ते बापडे 'झाली' म्हणतात. सर्वेक्षणाला आलेली लेकरं समोर चहा घेत बसलेली, नाही कशाला म्हणायचं?

फंडरला छेडलं की तो कायद्याकडे बोट दाखवतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ : मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर. 'मार्चच्या आत खर्च दाखवावा लागतो हो आम्हाला!' हे अर्धंच खरं आहे. २०२१ पासून अमलात आलेल्या तरतुदींनुसार काम अनेक वर्षांचं असेल, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची. कायद्याचं मे महिन्याशी काही वाकडं नाही. अडतं ते एवढ्यावरच, की शिल्लक रकमेचा खुलासा कुणीतरी संचालक मंडळापुढे करायचा असतो.

उलट ज्या कंपनीवर सरासरी १० कोटी किंवा जास्त खर्चाची जबाबदारी आहे, तिने एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं त्रयस्थाकडून मूल्यमापन करून घ्यावं, तेही प्रकल्प संपून किमान वर्ष झाल्यावर, असा नियमच आहे. म्हणजे कोटीच्या कामाला एक उन्हाळा पाहायला मिळतो. आठ लाखांच्या रोपांना ती चैन नाही.

समजा, एखाद्या संस्थेने धाडस करून लिहिलंच : 'लावली ५,०००, मेअखेर जिवंत १,९००. कुंपण नव्हतं, शेळ्यांनी खाल्ली. यंदा दोनच हजार लावू, पण पाणी घालणाऱ्याची फेब्रुवारी ते मे मजुरी द्या.' माझ्या मते याहून चांगला अहवाल नाही. पाच ओळी, त्यात आकडा, कारण आणि मागणी. देणाऱ्याला पुढचा पैसा कुठे घालायचा ते कळतं, आणखी काय हवं? आठवड्याभरात फोन येतो : 'ताई, माहिती छानच आहे. जरा टोन पॉझिटिव्ह करता येईल का? आणि ते शेळ्यांचं काढूया.'

शेळ्या निघतात. १,९०० चे 'समाधानकारक प्रमाणात जिवंत' होतात. त्या जागी एक यशोगाथा चिकटवली जाते, पदर सावरून कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या बाईंच्या फोटोसकट.

फंडरमंडळींनी एवढंच करावं : शेवटचा हप्ता राखून ठेवावा आणि जूनमध्ये, पहिल्या पावसाआधी, दोन पानं मागवावीत. फोटो नकोत, मोजणी हवी. आणि मोजणाऱ्याच्या दोन दिवसांच्या मजुरीसाठी अंदाजपत्रकात एक ओळ घालावी. फलकाच्या छपाईची ओळ तिथे आहेच, तिच्याच खाली.