कात्रजकरालाच कात्रजचा घाट

विंडोज सोडून मॅक घेणं म्हणजे कात्रजकराने स्वतःलाच कात्रजचा घाट दाखवणं. करंगळी सवयीने कंट्रोल-सीकडे जाते आणि काही म्हणजे काही घडत नाही. कॉपीची सत्ता अंगठ्याशेजारच्या कमांडकडे. खिडकी बंद करायचं बटण उजवीकडून डावीकडे गेलेलं. विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमधली जुनी हार्ड डिस्क जोडली, तर मॅक लग्नाचे फोटो खुशाल बघू देतो, पण त्यात एक नवी फाइल ठेवू देईल तर शपथ. भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकू न देणारा पुणेरी घरमालकच! हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली मॅकसाठी निघतच नाही, म्हणून विंडोजचा लॅपटॉपही टेबलावर कायम. बॅटरी मात्र झकास टिकते. घेणाऱ्यांनी आधी आपल्या हिशेबनिसाला विचारावं.